दिग्दर्शनाची परंपरा आणि संकेतस्थळे : रत्नागिरीच्या संदर्भात एक विचार

एखादा ग्रंथ, कागद किंवा संकेतस्थळ अस्तित्वात आहे, एवढ्यानेच ते अभ्यासकाच्या उपयोगी पडते असे नाही. ते कोठे आहे, त्यात काय आहे आणि त्यावर कितपत विसंबावे, हे कोणीतरी सांगावे लागते. ज्ञाननिर्मितीच्या इतिहासात ग्रंथकर्त्यांची नावे अग्रभागी असतात. पण ‘अमुक गोष्ट अमुक ठिकाणी आहे’ असे सांगणाऱ्याची दखल क्वचितच घेतली जाते. संकेतस्थळे शोधून इतरांस कळविण्याचा जो व्यवहार गेल्या तीन दशकांत वाढला आणि पुढे क्षीणही झाला, त्याचा विचार या जुन्या दिग्दर्शनकार्याच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचारास रत्नागिरीपासून आरंभ करणे अप्रस्तुत ठरणार नाही. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्रातील अतिशय जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्यानंतर चार वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. बाळशास्त्री हे पोंभुर्ल्याचे. हे गाव पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ च्या विभाजनानंतर ते सिंधुदुर्गात गेले. १८४० मध्ये त्यांनी काढलेल्या मासिकाचे नावच ‘दिग्दर्शन’ असे होते. भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान इत्यादी विषयांची ओळख मराठी वाचकास करून देणे, हे त्याचे कार्य. नवे ज्ञान निर्माण करण्याचा दावा त्यात नव्हता. अन्यत्र असलेल्या ज्ञानाकडे बोट दाखविण्याची जबाबदारी मात्र होती.

या परंपरेचे दुसरे रूप दर्शनिकेत, म्हणजे गॅझेटियरमध्ये, दिसते. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याच्या दर्शनिकेचा रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयीचा दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अखेरच्या भागात जिल्ह्यातील उल्लेखनीय स्थळांची वर्णानुक्रमे नोंद आहे. ती राज्यकारभाराच्या सोयीसाठी केली गेली हे खरे. तथापि कोकणच्या इतिहासाचा अभ्यासक आजही प्रथम त्याच पानांकडे वळतो. तिसरे रूप ग्रंथसूचीचे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. आज कोणताही संशोधक एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांविषयी विधान करतो, तेव्हा त्यामागे बहुधा दात्यांचे श्रम असतात, मग त्यांचे नाव घेतले जावो वा न जावो.

आता संकेतस्थळांकडे वळू. या शब्दाचा पूर्वेतिहास मोठा मनोरंजक आहे. जुन्या काव्यव्यवहारात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटीसाठी आपसांत ठरविलेली जागा. जेथे जावयाचे ते दोघांखेरीज कोणास ठाऊक नसावे, हाच तिचा गुण. नव्या अर्थाने हा शब्द रूढ झाला तेव्हा त्याचा हेतू नेमका उलट झाला होता. तरीही ‘आधी कोणीतरी ठावठिकाणा सांगितल्यावाचून तेथे पोहोचता येत नाही’ हा जुना धर्म त्यास पुष्कळ काळ चिकटून राहिला.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या ‘सर्न’ या संस्थेत विश्वजालाची कल्पना १९८९ मध्ये मांडली आणि १९९१ मध्ये ते बाहेरच्यांस खुले झाले. आरंभी संकेतस्थळे इतकी थोडी होती की, त्यांची यादी हाताने ठेवता येई. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोघा विद्यार्थ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली विषयवार यादी पुढे ‘याहू’ या नावाने प्रसिद्धीस आली. त्याच वर्षी ग्लेन डेव्हिस यांनी ‘कूल साइट ऑफ द डे’ हा उपक्रम सुरू केला. रोज एकच संकेतस्थळ निवडावयाचे आणि ते लोकांपुढे ठेवावयाचे, एवढाच त्याचा नियम. उपयुक्ततेइतकाच विक्षिप्तपणाही तेथे गुण मानला जाई. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘डीमॉझ’ या निर्देशिकेचे काम हजारो स्वयंसेवक संपादकांनी केले. २००३ मधील ‘डिलिशस’ने प्रत्येक वाचकाच्या खुणा इतरांस पाहण्याची सोय केली.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसाधारण जनतेसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ निघाले. परंतु मराठी मजकुरापुढे एक विशेष अडचण होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान असले, तरी व्यवहारात दीर्घकाळ निरनिराळ्या खाजगी टंकांचा वापर चालला. अशा टंकात पडद्यावर ‘कोकण’ असे दिसे. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती रोमन अक्षरांची व चिन्हांची एक निरर्थक माळ असे. शोधयंत्र रूपाची नव्हे, संकेतांकांची तुलना करते. त्यामुळे असा मजकूर डोळ्यांना दिसत असूनही शोधात सापडत नसे. याचा अर्थ असा की, मराठी संकेतस्थळांच्या आरंभकाळात माणसाने माणसास सांगणे ही केवळ हौस नव्हती; तोच बहुधा एकमेव मार्ग होता. युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही स्थिती पालटली. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात शोधयंत्रास मराठी मजकूर हळूहळू वाचता येऊ लागला.

मग निर्देशिकांची गरज संपली काय? बाजाराचा निर्णय तसा दिसतो. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये. तथापि येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी मांडलेली शोधाची पद्धतीच मुळी ‘कोणते पान दुसऱ्या किती आणि कोणत्या पानांनी निर्देशिले आहे’ या गणनेवर उभी होती. म्हणजे यंत्राने माणसाच्या निर्देशाची जागा घेतली असे म्हणण्यापेक्षा, माणसांनी केलेल्या निर्देशांची बेरीज यंत्र करू लागले, असे म्हणणे अधिक यथार्थ होय. जेथे निर्देशच विरळ, तेथे बेरीजही तोकडीच येणार. मराठीतील विद्याविषयक साधनांची नेमकी हीच अवस्था आहे.

एक उदाहरण पुरेसे आहे. भारतीय अंकीय ग्रंथालयाच्या योजनेत छायांकित झालेली असंख्य जुनी मराठी पुस्तके आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर विनामूल्य वाचता येतात. परंतु त्यांतील पुष्कळांची नावे रोमन लिपीत, विचित्र वर्णयोजनेने आणि कित्येकदा चुकीची नोंदविलेली आहेत. देवनागरीत नाव टंकून शोधणाऱ्यास ती मिळत नाहीत. नेहमीच्या रोमन वर्णयोजनेने शोधणाऱ्यासही मिळतीलच असे नाही. पुस्तक आहे, ते खुले आहे, आणि तरीही ते नसल्यासारखेच आहे. मोल्सवर्थच्या कोशाचे उदाहरण याच्या उलट. १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधसुलभ रूपात आहे. कोकणी बोलींतील शब्दांच्या अभ्यासकास तिचे मोल निराळे सांगावयास नको. तरी पदव्युत्तर विद्यार्थ्यास ती बहुधा कोणा गुरूच्या किंवा सहाध्यायाच्या तोंडूनच प्रथम कळते.

दुसरी अडचण नाशाची. ग्रंथ कपाटात विसरला गेला तरी तो पन्नास वर्षांनी पुन्हा सापडू शकतो. संकेतस्थळाचे तसे नाही. ‘जिओसिटीज’वरील असंख्य वैयक्तिक पाने २००९ मध्ये त्या सेवेबरोबर बंद पडली, काही अभ्यासकांनी व संस्थांनी धावपळ करून जतन केली तेवढीच उरली. प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध राहिली नव्हती. इतिहासाच्या प्रबंधांत तळटिपांतून संकेतस्थळे उद्धृत होत असताना ही संख्या चिंताजनक आहे. आधार नाहीसा झाला की विधान निराधार ठरते.

दिग्दर्शनाने काय साधते, याचा एक पुरावा रत्नागिरीच्या सड्यांवरच आहे. जांभ्या दगडावर कोरलेल्या कातळशिल्पांपैकी कित्येकांची माहिती आसपासच्या ग्रामस्थांस व गुराख्यांस होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आदी अभ्यासकांनी गावोगाव हिंडून, विचारपूस करून त्यांचा माग काढला व नोंदी केल्या. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. शिल्पे होती तेथेच होती. बदलला तो निर्देश. आणि नोंद झाल्यानंतरच त्यांच्या संरक्षणाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत येऊ शकला.

यावरून विद्यापीठीय विभागांपुढील कार्य स्पष्ट होते. प्रत्येक विषयाची एक जोपासलेली सूची असावी. तीत संकेतस्थळाचे नाव, ते चालविणारी व्यक्ती वा संस्था, मजकुराचे स्वरूप, त्यातील ज्ञात दोष, ते पाहिल्याचा दिनांक आणि जतन केलेल्या प्रतीचा पत्ता या सहा गोष्टी नोंदवाव्यात. वर्षातून एकदा ती तपासावी आणि बंद पडलेली स्थळे गाळून न टाकता ‘बंद’ अशा नोंदीसह ठेवावीत. कारण काय नाहीसे झाले, हेही इतिहासाचेच साधन होय. हे काम एकट्यादुकट्याने पुरे होणारे नाही, आणि त्यास पदवीही मिळत नाही. दात्यांच्या कामासही ती नव्हती. पण उद्याचा संशोधक आजच्या काळाविषयी काय जाणू शकेल, हे बऱ्याच अंशी अशा नोंदींवर अवलंबून राहील.