घेण्याचा हक्क आणि देण्याचा हक्क

आमच्या ज्ञातीतील पुष्कळ जुन्या घरांतून पेटीच्या तळाशी कागदांचे एक बासन असते. खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे, क्वचित एखादे मृत्युपत्र असे त्यांत काय काय सापडते. असे कागद चाळताना आम्हांस एक गोष्ट वारंवार जाणवली. घेणार म्हणून स्त्रीचे नाव मधूनमधून आढळते; देणार म्हणून मात्र ते विरळाच. संपत्ती मिळण्याची पात्रता आणि ती स्वेच्छेने दुसऱ्यास देण्याची पात्रता या दोन निराळ्या गोष्टी होत, आणि आपल्या आज्यापणज्यांस पहिली लाभूनही दुसरी बहुधा लाभली नाही.

याचा दोष सर्वस्वी धर्मशास्त्राच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने 'मिताक्षरे'त स्त्रीधनाची व्याख्या उदारपणे केली होती. वारसाने, खरेदीने वा वाटणीने आलेले धनही त्याने स्त्रीधनातच गणले. परंतु पतीकडून वारसाने आलेली मिळकत स्त्रीधन नव्हे, असा निर्णय विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलाने १८६७ साली दिला. विधवेने ती मिळकत हयातभर भोगावी. तिचे उत्पन्न तिचे, परंतु मूळ मिळकत दान करण्याचा वा मृत्युपत्राने देण्याचा अधिकार तिला नाही. कायदेशीर गरजेवाचून तिने विक्री केल्यास तिच्या पश्चात भाऊबंदांनी कोर्टात जावे आणि घेणाऱ्याने हात चोळीत बसावे, असे प्रकार किती झाले असतील त्याची गणती नाही.

आपल्या मुंबई इलाख्यात मात्र एक विशेष होता, आणि तो आम्हांस अभिमानास्पद वाटतो. मूळ पैठणच्या, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाचा 'व्यवहारमयूख' इकडे प्रमाण मानीत. त्याने बहिणीस वारसांत मानाचे स्थान दिले. कन्या किंवा बहीण वारस झाली, तर इकडे तिला पूर्ण स्वामित्व मिळे; लग्न होऊन घरात आलेल्या पत्नीस, मातेस वा सुनेस मात्र हयातीपुरताच हक्क. अर्थात पुत्र असता कन्येची पाळी येतच नसे, हेही सांगितले पाहिजे.

ज्ञातिसंस्थेच्या अंकात लिहीत असता आणखी एक गोष्ट टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जातीने वाळीत टाकलेल्या माणसाचा वारसाहक्क पूर्वी बुडत असे. १८५० च्या कायद्याने ते बंद केले. पंचांच्या हातचे एक मोठे शस्त्र गेले आणि गेले ते बरेच झाले. उलट १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह कायदेशीर ठरविला खरा, पण लग्न करताच पहिल्या पतीची मिळकत विधवेच्या हातून काढून घेतली. ज्या जातींत पाटाची चाल परंपरेने होती, त्यांसही हा नियम मुंबई हायकोर्टाने लागू केला.

मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या खटपटीने १९३७ साली झालेल्या कायद्याने विधवेस पुत्राइतका वाटा दिला. तथापि तोही हयातीपुरताच! खरी गाठ सुटली ती १७ जून १९५६ रोजी. त्या दिवशी अमलात आलेल्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीवर तिचे पूर्ण स्वामित्व मान्य केले. तिच्या हाती मिळकत त्या दिवसाआधी आली की नंतर आली, हा भेद ठेवला नाही. ज्या दानपत्रात वा मृत्युपत्रातच हक्क मर्यादित ठेवलेला असेल, तेवढा अपवाद राहिला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मिळण्यासाठी कन्येस मात्र आणखी थांबावे लागले. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींस वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेदही उरला नाही.

आता घेण्याचा हक्क आहे आणि देण्याचाही आहे. देण्याचा हक्क वापरला नाही तर काय होते, हे सुप्रीम कोर्टाच्या २००९ सालच्या एका निकालावरून दिसते. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झालेल्या एका स्त्रीस सासरच्यांनी घराबाहेर काढले. माहेरी शिकून ती नोकरीस लागली, स्वतः कमावू लागली आणि मृत्युपत्र न करता निवर्तली. तिला मूलबाळ नव्हते. १५ व्या कलमाच्या क्रमानुसार अशा स्त्रीच्या स्वकष्टार्जित धनावर माहेरच्या आईबापांआधी पतीच्या वारसांचा हक्क येतो. ती पुंजी तिच्या आईस मिळाली नाही. ज्यांनी तिला हाकलले, त्या सासरकडे गेली. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा एक साधा कागद तिने करून ठेवला असता, तर ती आईच्या हाती पडली असती.