गाडीचा बिल्ला आणि आईचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक हप्त्यांच्या हिशेबाने सुरू झाली आणि रिक्षावर येऊन थांबली. एका ताईंची मुलगी बारावीला आहे. तालुक्याच्या गावी तिचा क्लास संध्याकाळी सातला सुटतो. त्यानंतर एसटी नाही, शेअर रिक्षाने यायचं. ताई म्हणाल्या, "चालवणारा कोण, कुठला, काही माहीत नाही. क्लासच बंद करते तिचा." काय उत्तर द्यावं, आम्हाला सुचेना. म्हणून आम्ही वाचायला घेतलं. अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं, तर त्याची हमी कोणी घ्यायची? इंग्लंडमध्ये भाड्याच्या गाड्यांचे नियम साडेतीनशे वर्षांपासून होत आलेत. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

लंडनमधल्या भाड्याच्या घोडागाड्यांसाठी १६५४ साली नियम झाले. १६६२ च्या कायद्याने फक्त ४०० गाड्यांना परवाना मिळाला. तेव्हाची काळजी मुख्यतः रस्त्यातल्या गर्दीची आणि भाड्याची होती. पुढे १८४७ च्या कायद्याने लंडनबाहेरच्या गावांत हे काम तिथल्या स्थानिक मंडळांकडे आलं. गाडीला परवाना, हाकणाऱ्याला परवाना आणि भाडं ठरलेलं. हा कायदा तिथे आजही चालतो.

मग मोटारी आल्या, घराघरात फोन आले. रस्त्यात हात दाखवून थांबवायची ती टॅक्सी, आणि फोन करून आधी सांगून ठेवायची ती खासगी भाड्याची गाडी, असे दोन प्रकार झाले. या दुसऱ्या प्रकारासाठी १९७६ साली कायदा झाला. त्यात तीन परवाने लागतात: गाडीचा, चालकाचा आणि फोन घेऊन गाडी पाठवणाऱ्याचा. चालक या कामाला लायक आणि सचोटीचा आहे अशी नगर परिषदेची खात्री पटली, तरच त्याला परवाना.

पण या कायद्यातून लंडन सुटलं होतं. तिथे खासगी गाड्यांना 'मिनीकॅब' म्हणत, आणि त्या चालवणाऱ्यांची सरकारी तपासणी होत नव्हती. १९८६ साली लंडनमध्ये सुझी लॅम्प्लू ही २५ वर्षांची मुलगी कामावर असताना बेपत्ता झाली. ती आजवर सापडली नाही. त्या घटनेचा मिनीकॅबशी संबंध नव्हता. पण तिची आई डायना आणि वडील पॉल यांनी लेकीच्या नावाने संस्था काढली आणि एकट्याने फिरणाऱ्यांच्या सुरक्षिततेचं काम हाती घेतलं. मिनीकॅबना परवाना सक्तीचा करा, ही त्यांची एक मागणी होती. १९९८ साली लंडनसाठी तसा कायदा झाला.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं का? नाही. रॉदरहॅम नावाच्या गावात नियम होते, परवाने होते, बिल्ले होते. २०१४ च्या चौकशी अहवालात समोर आलं, की १९९७ ते २०१३ या काळात तिथे सुमारे १,४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झालं. त्यात काही टॅक्सीचालकांचाही हात होता. मुलींनी सांगितलं होतं, पण त्यांचं ऐकून घेतलं गेलं नाही. २०१५ मध्ये दुसरा अहवाल आला, आणि सरकारने परिषदेचा कारभार आपल्या आयुक्तांच्या हाती दिला. टॅक्सी परवान्याचं कामही त्यांच्याकडे गेलं. नंतर तिथे चालकांची तपासणी कडक झाली, गाड्यांत कॅमेरे आले.

आणखी एक पळवाट होती. एका गावाने नाकारलेला चालक दुसऱ्या गावात जाऊन परवाना काढू शकत असे. २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अशी नावं एका सामाईक नोंदीत लिहिणं आणि परवाना देण्याआधी ती नोंद पाहणं बंधनकारक झालं.

आम्हाला सगळ्यात भावली ती २०२० च्या सरकारी सूचनांमधली एक गोष्ट. चालक लायक आहे की नाही हे ठरवताना अधिकाऱ्याने स्वतःला काय विचारायचं, ते तिथे लिहिलंय. त्याचा आशय असा: आपल्या जिवाभावाच्या माणसाला या चालकाच्या गाडीत, दिवसा किंवा रात्री, एकटं बसू द्याल का? मैत्रिणींनो, हा तर आपल्या ताईंचाच प्रश्न! तो कायद्याच्या कागदावर यायला साडेतीनशे वर्षं लागली.

आपल्याकडेही १८७९ साली इंग्रजांनी भाड्याच्या गाड्यांचा कायदा आणला. त्यात नगरपालिकांना नियम करता येत. मोटारींच्या काळात हे काम परिवहन खात्याकडे गेलं. आज रिक्षाचा परवाना आणि चालकाचा बॅज आरटीओकडून मिळतो. शाळेच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०११ चे नियम आहेत. त्यानुसार शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात बसतो. आपल्यापैकी किती जणी त्या बैठकीला गेल्या आहेत?

आम्ही पाच जणी तालुक्याच्या रिक्षा स्टँडवर गेलो. बॅज दाखवा म्हटल्यावर एक जण कुरकुरला, "आमच्यावर संशय घेता काय?" एक वयस्क काका मात्र पुढे आले आणि म्हणाले, "घ्या लिहून. माझीही नात त्याच क्लासला आहे." त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनीही बॅज दाखवले. आता गटाच्या वहीत हप्त्यांच्या शेजारी एक पान गाडी नंबरांचं आणि बॅज नंबरांचं आहे. चार मुली एकत्र येतात आणि निघताना घरी फोन करतात.

वहीतलं पान म्हणजे पक्की हमी नव्हे. रॉदरहॅममध्ये बिल्ले असूनही काय झालं ते आपण ऐकलंच. म्हणून मुलगी घरी येऊन काही सांगेल, तेव्हा तिला आधी गप्प करू नका. तिचं पूर्ण ऐकून घ्या.

ताईंच्या मुलीचा क्लास चालू आहे.