टॉर्क पाना मूळचा मोटारीचा नव्हे

खानवेलहून दुधनीकडे जाणारा रस्ता चढउतारांचा. रेडिएटरमधलं पाणी आटलं आणि भरलेली गाडी तशीच रेटली, की हेड गॅस्केट उडतं. मग हेड उतरवायचं, फेसिंग करून आणायचं, नवं गॅस्केट घालून बोल्ट आवळायचे. या शेवटच्या कामाचं हत्यार म्हणजे टॉर्क पाना. पण त्याचा जन्म झाला पाण्याच्या नळांसाठी. १९१८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पाणी खात्यातल्या कॉनराड बार यांनी तो काढला, कारण नळांच्या जोडावरचे बोल्ट माणसं गरजेपेक्षा जास्त पिळत.

मोटारीला त्याची गरज हेड सुटं झाल्यामुळे पडली. आधीच्या बऱ्याच इंजिनांत हेड आणि ब्लॉक एकाच ओतकामात असत. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीने सुटं हेड घरोघर नेलं, आणि गॅस्केटही. १९३०च्या दशकात टॉर्क पाना गॅरेजात शिरला.

आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीपच्या हरिकेन इंजिनाने तर हेडचा एक बोल्ट कार्बुरेटरखाली, हवेच्या वाटेतच लपवला होता. बाकीचे सगळे सोडून हेडला पहार लावणारे नवशिके अनेक. वस्ताद आधी कार्बुरेटर काढतो.

आवळायची सुरुवात मधून, मग आळीपाळीने कडेला, तीही दोन-तीन फेऱ्यांत. कडेपासून सुरू केलं तर हेड मध्ये नीट बसत नाही.

तरीही पाना पूर्ण खरं बोलत नाही. खरं काम बोल्टच्या ताणाचं. तो किंचित लांबतो आणि स्प्रिंगसारखा हेडला दाबून धरतो. पाना मोजतो फक्त पीळ, आणि त्यातला सुमारे नऊ-दशांश जोर आटे आणि बोल्टच्या डोक्याखालचं घर्षणच खातं. आटे गंजलेले असले तर आकडा गाठूनही हेड ढिलं; पुस्तकात कोरड्या आट्यांचा आकडा असताना तेल चोपडलं तर बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून माझ्या मते, पान्यावर पैसे घालण्याआधी आटे ब्रशने साफ करावेत आणि ब्लॉकमधल्या आंधळ्या भोकांतलं तेल-पाणी हवेने उडवावं. भोकात तेल साचलं असेल तर बोल्ट खाली उतरताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला चीर पडू शकते.

घर्षणाची ही लबाडी टाळायला अनेक नव्या इंजिनांत थोडा टॉर्क देऊन पुढे बोल्ट ९० अंश, पुन्हा ९० अंश असा मोजून फिरवतात. असे बोल्ट कायमचे लांबतात, त्यामुळे पुढच्या वेळी हेड उतरलं की गिऱ्हाइकाच्या बिलात नव्या बोल्टांचा सेटही येतो.