मतपेटीची सोय

लोकशाहीचा इतिहास सांगतांना आपण घटनेचीं कलमें आणि पुढाऱ्यांचीं भाषणें यांविषयीं बोलतों. परंतु ज्या साध्या वस्तूंच्या द्वारां मताचा हक्क सामान्य माणसाच्या हातीं पोंचला, त्यांची कथा सहसा कोणी सांगत नाहीं. ती आज सांगावयाची आहे.

१९५१ च्या खानेसुमारींत देशांतील शंभरांपैकीं अवघ्या १८ माणसांस लिहितां-वाचतां येत होतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीस आरंभ झाला, आणि मतदारयाद्यांत १७ कोटींहून अधिक नांवें होतीं. निरक्षरांस मताधिकार देणें हें धाडस आहे, असें तेव्हां अनेकांस वाटे. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं मतदार साक्षर होण्याची वाट न पाहतां साधनच त्याच्या बेताचें केलें. प्रत्येक उमेदवारास स्वतंत्र पेटी मिळाली व तिच्यावर चिन्ह आलें : काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचें झाड, जनसंघाचा दिवा. मतदारानें लिहावयाचें कांहींच नव्हतें. रुपयाच्या नोटेएवढी पत्रिका पसंतीच्या पेटींत टाकली कीं काम झालें! अशा लक्षावधि पोलादी पेट्या विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यांत तयार झाल्या.

या युक्तींत दोषहि होते. उमेदवार वाढले कीं पेट्या वाढत. शिवाय एखाद्यास आडोशाचा फायदा घेऊन पत्रिका खिशांत घालून बाहेर नेतां येई. म्हणून १९६२ च्या निवडणुकींत सर्व नांवें व चिन्हें एकाच पत्रिकेवर आलीं आणि मतदारानें केवळ शिक्का मारावयाचा, असें ठरलें. पुढें या शिक्क्यास बाणांच्या फुलीचा आकार मिळाला. घडी घातल्यावर ओली शाई दुसऱ्या नांवावर उमटली, तरी उलटे बाण पाहून खरें मत कोणतें तें मोजणारास कळे. १९८२ सालीं केरळांतील परावूर येथें कांहीं केंद्रांवर मतदानयंत्र प्रथम वापरलें गेलें, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकींत तें सर्व मतदारसंघांत आलें. तेथेंहि चिन्ह राहिलेंच. त्याच्या शेजारीं बटण, आणि मत नोंदलें गेल्याची खूण म्हणून तांबडा दिवा व आवाज.

आतां साक्षर व संपन्न अमेरिकेंतील उदाहरण पाहा. २००० सालीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत फ्लॉरिडा राज्यांतील पाम बीच परगण्यानें वृद्धांच्या सोयीसाठीं पत्रिकेवरील अक्षर मोठें केलें. हेतु उत्तम होता. परंतु त्यामुळें नांवें समोरासमोरच्या दोन पानांवर विभागलीं आणि छिद्रें पाडावयाची ओळ मधोमध आली. डाव्या पानावर दुसरें नांव अल गोर यांचें, पण दुसरें छिद्र उजव्या पानावरील पॅट ब्यूकॅनन यांचें! एकाहून अधिक छिद्रें पडल्यामुळें त्या परगण्यांत १९,००० हून अधिक पत्रिका बाद झाल्या. फ्लॉरिडाचा, आणि त्यायोगें अध्यक्षपदाचाहि, निकाल ५३७ मतांनीं लागला.

वर्गांतील निम्मीं मुलें एकाच प्रश्नापाशीं अडलीं, तर सुज्ञ शिक्षक आधीं प्रश्नाची भाषा तपासतो. बँकेंतील यंत्रापुढें एखाद्या आजीबाई गोंधळल्या, म्हणजे मागें रांगेंत उभे असलेले आपण त्यांस अडाणी ठरवून मोकळे होतों. पहिल्या निवडणुकीच्या वेळीं तसें ठरविणें याहून सोपें होतें, आणि तसें ठरविलें असतें, तर कोट्यवधि लोकांचा हक्क कागदावरच राहिला असता. हक्क देणारानें तो बजावतां येईल अशी वस्तूहि द्यावयास हवी, हें त्या पोलादी पेटीनें आपणांस शिकविलें आहे.