दोन खडेबाजार आणि एक वक्ररेषा

बेळगावात खडेबाजार दोन आहेत. एक शहराच्या ऐन बाजारपेठेतला, दुसरा शहापूरचा. कपिलेश्वराकडून रेल्वेमार्ग ओलांडला की शहापूर लागते, आणि आज या दोन बाजारांत फिरणाऱ्या गिऱ्हाईकाला आपण कुठली हद्द ओलांडली असे वाटतही नाही. पण 8 मार्च 1948 पर्यंत ही हद्द खरी होती. बेळगाव ब्रिटिश मुलखात होते आणि शहापूर सांगली संस्थानात. इंग्रज सरकारने दिलेले पेटंट ब्रिटिश हिंदुस्थानापुरते चाले. म्हणजे ज्या यंत्राची नक्कल बेळगावच्या खडेबाजारात गुन्हेगारीची नसली तरी दाव्याची बाब ठरली असती, तेच यंत्र शहापूरच्या खडेबाजारात त्या पेटंटची पर्वा न करता बनवता आले असते. लोखंड तेच, कारागिराचा हात तोच, उपयोगही तोच; हक्क मात्र रुळांपाशी संपे. पेटंटच्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. शोधावरचा हक्क जिथे थांबतो ती रेघ शोधाच्या अंगावर कुठेच दिसत नाही, ती बाहेरून आखलेली असते. संस्थानांच्या सरहद्दी पुसल्या गेल्या, पण तशीच एक रेघ आज पेटंट परीक्षकाच्या टेबलावर आहे: यंत्र कुठे संपते आणि गणित कुठे सुरू होते, ही. तिची सर्वांत कठीण कसोटी लागते ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्राचा उजेड बदलून दाखवणाऱ्या तंत्रात. माझे म्हणणे असे की हे तंत्र यंत्राच्या बाजूचे आहे, आणि परीक्षकाने ते पडद्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडावरून ठरवावे, अर्जातल्या भाषेवरून नव्हे.

आपल्याकडचा पहिला पेटंट कायदा 1856 चा. जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या कलकत्त्याच्या अभियंत्याने त्या वर्षी 3 मार्चला पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. तो या देशातला पहिला अर्ज मानला जातो. हा कायदा राणीच्या मंजुरीविना केला गेला म्हणून पुढच्याच वर्षी रद्द झाला आणि 1859 मध्ये नव्याने आला. तेव्हा स्वतंत्र पेटंट कार्यालय नव्हते, अर्ज सरकारच्या सचिवाकडे जाई. आजच्या अर्थाचा नियंत्रक आणि त्याच्या हाताखालची तपासणी आली ती 1911 च्या कायद्याने. मधल्या काळातला एक कायदा 1888 चा, शोध आणि नमुने यांचा. किर्लोस्कर उद्योगही आपला आरंभ त्याच 1888 सालापासून, बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून मोजतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले, पण रंगांधळेपणामुळे रंगांचे काम सोडून यंत्ररेखनाकडे वळले. सायकलीनंतर कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर हा त्यांचा माल झाला. बेळगावची जागा नगरपालिकेने सोडायला लावली तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचे माळरान दिले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पेटंट कायदा टाळायला ते औंधात गेले, असे म्हणायला काडीचाही आधार नाही. पण हेही खरे की त्या दिवसापासून तो कारखाना ब्रिटिश हिंदुस्थानच्या पेटंट कायद्याबाहेरच्या जमिनीवर उभा होता, आणि त्याचा नांगर दोन्हीकडच्या रानात सारखाच चालत होता. लोखंडाने जमीन नासते, असे म्हणत शेतकऱ्यांनी सुरुवातीला तो घ्यायचे नाकारले. शंका फिटली ती नांगरट पाहून. वस्तू काय करते हे पाहून तिची परीक्षा करण्याची ही रीत कायद्याच्या किती तरी आधीची आहे.

उजेडाच्या बाबतीत ही रीत कशी लावायची, याचे उत्तरही 1888 सालीच मिळालेले आहे. इंग्लंडमधल्या विडनेस गावी सोडा-कारखान्यात काम करणारे फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हे दोघे हौशी छायाचित्रकार होते. काचेवर किती वेळ उजेड पडू द्यायचा, हे तेव्हा अंदाजाने ठरे. वर्षातला दिवस, दिवसातली वेळ, भिंगाचे तोंड आणि काचेचा वेग यांचे नाते त्यांनी सरकपट्टीवर बसवले. पट्ट्या सरकवल्या की वेळ हाती येई. या अॅक्टिनोग्राफचे पेटंट त्यांनी 1888 मध्ये घेतले. दोन वर्षांनी त्यांनी काचेवर पडलेला उजेड आणि तिच्यावर उमटलेला काळेपणा यांचे नाते एका वक्ररेषेत मांडून दाखवले. पायथ्याशी मंद, मधे सरळ, माथ्याशी पुन्हा मंद अशी ती रेषा छायाचित्रणाच्या प्रत्येक पुस्तकात आजही असते. आता नीट पाहावे. सरकपट्टीत होते काय? लाकूड, कागद आणि लॉगरिदम. सूर्य अमुक महिन्यात अमुक उंचीवर असतो, यावर कोणाचा हक्क नव्हता. ते नाते वापरून नेमका उजेड काचेवर उतरवणाऱ्या साधनावर मात्र तो देण्यात आला. त्या पट्टीवर जे कोरले होते तेच आज सिलिकॉनच्या चकतीत कोष्टक म्हणून साठवले जाते. लाकडावर कोरल्याने एखादी गोष्ट यंत्र ठरते आणि चकतीत भरल्याने ती नुसते गणित ठरते, हे मला पटत नाही.

दूरचित्रवाणीने ही वक्ररेषा घराघरांत नेली. जुन्या काचेच्या नळीला दिलेला विद्युतदाब दुप्पट केला तर उजेड दुप्पट होत नसे, तो सुमारे अडीचाव्या घाताने वाढे. म्हणून अंधारातले बारकावे गडप होत. उपाय असा निघाला की प्रक्षेपणाच्या टोकालाच संदेश उलट दिशेने वाकवून पाठवायचा. दुरुस्ती एकदा केंद्रावर केली की लाखो घरांतले संच साधे आणि स्वस्त राहतात. रंग आले तेव्हा चित्राचा उजळपणा आणि रंग वेगळे करण्याची युक्ती फ्रेंच अभियंता जॉर्ज व्हालेन्सी याने 1938 मध्ये पेटंट केली. काळ्यापांढऱ्या संचाला फक्त उजळपणा पुरतो, रंगीत संच रंगाचा भाग वेगळा घेतो. पुढे रूढ झालेल्या मापात उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे 59 टक्के, तांबड्याचा 30 आणि निळ्याचा 11 धरला गेला, कारण डोळा हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो. चित्राचा सांगाडा उजेड-सावलीत असतो, रंगांत नव्हे, ही गोष्ट रंग सोडून रेषेकडे वळलेल्या लक्ष्मणरावांच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. सपाट पडदे आले आणि नळीचा तो घात नाहीसा झाला, पण सारे जुने चित्रण त्याच घातासाठी वाकवलेले होते. म्हणून नव्या पडद्याला नळीची नक्कल करावी लागली. मग 2014 मध्ये 10,000 निटपर्यंतचा (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) उजेड मोजणारी नवी वक्ररेषा प्रमाण म्हणून ठरली, आणि त्याच सुमारास बीबीसी आणि जपानच्या एनएचके यांनी जुन्या संचांशी जुळवून घेणारी आपली वेगळी रेषा आणली. जुने चित्रण साधारण 100 निटच्या पडद्याचा हिशोब धरून केलेले, दुकानातला पडदा तीनशेचा, पाचशेचा किंवा हजाराचा, आणि चित्रपट त्याहून मोठ्या पट्ट्यात तयार केलेला. एकाच चित्रपटातली रात्र खडेबाजारातल्या दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या तीन संचांवर तीन तऱ्हांची दिसते ती यामुळे. माथ्याचा उजेड किती दाबायचा, सावली किती उचलायची, प्रत्येक दृश्यागणिक रेषा बदलायची का, चेहऱ्याचा वर्ण कायम कसा ठेवायचा, हे सगळे उजेड-रूपांतराचे काम. त्यात चूक झाली तर दिवा फटफटीत पांढरा दिसतो आणि अंधारातला माणूस हरवतो.

या कामावर पेटंट मागितले की आपल्याकडे कलम 3(के) आडवे येते. 2002 च्या दुरुस्तीने आलेले आणि 20 मे 2003 पासून लागू झालेले हे कलम गणिती पद्धती, व्यवसायाच्या पद्धती, अल्गोरिदम आणि ‘पर से’, म्हणजे निव्वळ संगणक प्रोग्राम, यांना शोध मानत नाही. 2004 च्या वटहुकुमाने ते सैल करायचा प्रयत्न झाला. 2005 मध्ये संसदेने ती सूट काढून टाकली. पेटंट कार्यालयाच्या 2016 च्या मार्गदर्शिकेत नवे हार्डवेअर असल्याशिवाय पुढे पाहू नये असा सूर होता. 2017 मध्ये तो वगळला गेला. 12 डिसेंबर 2019 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात सांगितले की शोधाचा तांत्रिक परिणाम दिसत असेल तर त्यात संगणक प्रोग्राम आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: वक्ररेषा हे फलन आहे, फलन हे गणित, आणि संसदेने जाणूनबुजून गणिताला दार बंद केले; मग परिणामाचे नाव घेऊन मागच्या दाराने ते आत का घ्यायचे? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि कागदावरच थांबणाऱ्या दाव्यांना तो पूर्ण लागू पडतो. एका आकड्यांच्या संचातून दुसरा संच काढण्याची रीत, एवढेच कोणी मागत असेल तर परीक्षकाने ते नाकारलेच पाहिजे. पण पडद्याची कमाल उजेडक्षमता वाचून, दृश्याचा उजेड मोजून, त्यानुसार मागचा दिवा आणि पुढचे बिंदू चालवणारा संच हा आकड्यांचा संच नव्हे. तिथे आकडे वाटेत असतात. शेवटी खोलीत पडतो तो उजेड. नांगराच्या फाळाचा बाकही भूमितीत मांडता येतो, म्हणून नांगराला कोणी भूमिती म्हटले नाही.

दुसरा आक्षेप बाजारातून येतो आणि मला तो पहिल्याहून जवळचा वाटतो. वक्ररेषांवर हक्क वाटत सुटलो तर पडदे जोडणारा, एलईडीच्या भिंती उभारणारा लहान उद्योजक परदेशी कंपन्यांच्या परवान्यांखाली चिरडला जाईल. ही भीती कोऱ्या कल्पनेतली नाही. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 च्या अहवालात दाखवले होते की भारतातली बहुतांश पेटंटे परकीयांच्या हाती होती आणि इथल्या उत्पादनात त्यांचा उपयोग क्वचितच होत होता. 1970 चा कायदा त्या अहवालातून घडला. पण यावरचा उपाय साऱ्या प्रकारालाच गणित म्हणून हाकलणे हा नाही. उपाय कठोर तपासणी हा आहे. उजेडाच्या रेषांचा इतिहास हर्टर-ड्रिफील्डपासून सव्वाशेहून अधिक वर्षांचा आहे, आणि छापील प्रमाणे, जुनी पेटंटे, नळीच्या काळातली अभियांत्रिकीची पुस्तके हे सारे पूर्वज्ञान आहे. ज्ञात रेषेला नवे नाव देऊन आणलेला अर्ज नवेपणाच्या किंवा शोधक पायरीच्या कसोटीवर पडतो. त्याला 3(के) लागतच नाही. उलट 3(के) चा सोपा शिक्का मारून अर्ज परत केला की हा शोध खरोखर जुना होता का, हा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि पुढच्या अर्जाला तपासायला काहीच मागे उरत नाही. कलम 25(1) नुसार पेटंट देण्याआधी कोणतीही व्यक्ती लेखी विरोध नोंदवू शकते. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय 1998 पासून आहे, गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय 1979 पासून. हा विरोध लिहू शकणारी माणसे इथल्या वर्गांत बसलेली आहेत.

शेवटी हद्दीचा प्रश्न राहतोच. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, महाराष्ट्रातले मुंबईच्या. निपाणीच्या कारागिराने पडद्याचे उपकरण शोधले तर त्याची फाईल चेन्नईतल्या गिंडीला, वीसेक किलोमीटरवरच्या कागलच्या कारागिराची मुंबईतल्या अँटॉप हिलला. कायदा एक, मार्गदर्शिका एक. पण 2021 मध्ये अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून नियंत्रकाच्या निकालावरची अपिले उच्च न्यायालयांकडे जातात: एकाचे अपील मद्रासला, दुसऱ्याचे मुंबईला. ‘पर से’ या दोन शब्दांचा अर्थ दोन न्यायालयांत वेगळा निघाला तर एकच उजेड-रूपांतर दूधगंगेच्या एका काठाला शोध ठरेल आणि दुसऱ्या काठाला गणित, जोवर सर्वोच्च न्यायालय दोन्ही निकाल एका टेबलावर घेत नाही तोवर.