दांडेलीची लाकूडगाडी आणि टेबलावरची रेल्वे

लोंढ्याहून धारवाडकडे निघाले की वाटेत अळणावर लागते. तेथून दांडेलीच्या जंगलाकडे सुमारे तीस किलोमीटरचा रेल्वेचा एक फाटा जातो. कॅसलरॉकचा घाट, तिथले बोगदे, दूधसागर यांची वर्णने आपण बेळगावकर पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. या फाट्याविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. त्याचे कारण सरळ आहे. हा मार्ग मुळात माणसांसाठी नव्हता, लाकडासाठी होता.

आपल्या भागात रेल्वे आली ती १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर. धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात वेळेवर पोचत नाही, हे त्या दुष्काळाने दाखवून दिले. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. धारवाड हे तिचे मुख्य ठाणे आणि रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. त्याच दशकात बेळगावला गाडी आली आणि मुरगाव बंदरही जोडले गेले. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे पोचली. निपाणी मात्र आजही रेल्वेविना आहे. तिथल्या तंबाखूने बैलगाडी पाहिली, ट्रक पाहिला, पण आपल्या गावच्या स्टेशनात उभा असलेला वाघिणींचा रेक पाहिला नाही.

रेल्वेला दोन गोष्टींची भूक फार मोठी होती, कोळशाची आणि लाकडाची. रूळ ज्यावर टेकतात ते स्लीपर त्या काळी बहुतेक लाकडीच असत, आणि एका किलोमीटरला ते दीड हजाराच्या आसपास लागत. पावसाने कुजले, वाळवीने खाल्ले की पुन्हा नवे घालायचे. सागवान, ऐन, किंदळ, शिसम अशा झाडांनी भरलेले दांडेलीचे जंगल जवळ होते, पण जड ओंडके बाहेर काढणे सोपे नव्हते. हत्ती आणि बैल यांच्या बळावर किती माल निघणार? तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबई सरकारने अळणावर-दांडेली मार्ग घालवला आणि तो चालवण्याचे काम मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे आले. जंगलातले लाकूड असे थेट मुख्य मार्गावर येऊ लागले. स्वातंत्र्यानंतर दांडेलीत कागद कारखाना उभा राहिला आणि सागवानाच्या जोडीला बांबूचेही महत्त्व वाढले.

लाकडासाठी रेल्वे घालणे ही आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. कोचीन संस्थानाने परांबिकुलमच्या जंगलातून चालकुडीपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटरची फॉरेस्ट ट्रामवे १९०७ मध्ये सुरू केली. ती १९६३ पर्यंत चालली. तिच्यावर जर्मन बनावटीची छोटी इंजिने होती, आणि डोंगरउतारावर भरलेले डबे खाली सोडून त्यांच्याच वजनाने, तारेच्या दोरखंडावर, रिकामे डबे वर ओढून घेत. अमेरिकेत तर अशा रेल्वेमार्गांचे जाळेच होते. मिशिगन राज्यातल्या एफ्राईम शे या लाकूड व्यावसायिकाने दातेरी चाकांतून सगळ्या चाकांना जोर देणारे इंजिन तयार केले आणि १८८१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. वाकडेतिकडे, घाईघाईत टाकलेले रूळ आणि उभा चढ यांवरून ते हळू का होईना, पण न घसरता जाई.

आता टेबलावरच्या रेल्वेकडे येऊ. लहानपणी चावीची आगगाडी अनेकांनी खेळवलेली असते. मग शिक्षण, नोकरी, संसार यांत ती माळ्यावर जाते. आम्ही सरकारी नोकरीतली, चाळिशी ओलांडलेली माणसे पाहतो, की साठाव्या वर्षी हार-तुरे झाले, की दुसऱ्या दिवशी सकाळी करायचे काय हा प्रश्न थोरामोठ्यांना पडतो. परदेशात अशा वयात छोट्या रेल्वेच्या छंदाकडे परतणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण लाकूडवाहू रेल्वेच निवडतात. कारण व्यवहारी आहे. इंजिन लहान, गाडी चार-पाच डब्यांची, वळणे आखूड. एका खोलीत सगळे मावते.

मराठी माणसाला हा छंद परका नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून लघुरेल्वेचे संग्रहालय उभे केले. ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. सिग्नल, उड्डाणपूल, वाफेच्या गाड्या असे अख्खे शहर तिथे एका दालनात चालते. ते ज्या रस्त्यावर आहे, त्याला नाव जी. ए. कुलकर्णी यांचे, म्हणजे आपल्याच एकसंब्याच्या आणि बेळगावच्या जी.एं.चे.

अळणावर-दांडेली मार्ग टेबलावर आणायचा म्हटले, तर पहिला हिशेब मापाचा. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. त्यात मीटर गेजचा रूळ साधारण बारा मिलिमीटर रुंद होतो. पण तीस किलोमीटरचा मार्ग तरीही सुमारे ३४५ मीटर भरतो! म्हणजे सगळे मावणार नाही; निवडावे लागेल. अळणावरचे यार्ड, एखादा नाला-पूल, ओंडक्यांचा डेपो. गवताला काथ्या, जमिनीला लाकडाचा भुसा, ओंडक्यांना वाळक्या काटक्या. गणपतीच्या आराशीत हलते देखावे करणाऱ्या हातांना यातले काही अवघड नाही.

अवघड आहे ते वेगळेच. ओंडके वाघिणीवर उभ्या खुंट्यांनी अडवत की साखळदंडाने? एका वाघिणीवर किती चढत? इंजिन पाणी कुठे घेई? परत फिरवायचे कसे? लेख लिहिताना ‘लाकडाची वाहतूक होत असे’ एवढे एक वाक्य चालून जाते. प्रतिकृती करणाऱ्याला तशी पळवाट नाही. त्याला प्रत्येक खुंटी कुठेतरी ठोकावी लागते, आणि त्यासाठी कुणाला तरी विचारावे लागते. म्हणून आम्ही या छंदाला नुसता वेळ घालवण्याचा उद्योग मानत नाही. तो इतिहास लिहिण्याचाच एक प्रकार आहे.

आणि एक प्रश्न त्याहून कठीण. रुळाच्या दोन्ही बाजूंना काय लावायचे? हिरवीगार झाडे लावली तर देखावा सुंदर दिसेल, पण तो खरा असेल का? ती गाडी झाडे नेण्यासाठीच तर जात होती. प्रामाणिक माणसाला काही ठिकाणी तोडलेले बुंधेच ठेवावे लागतील. ज्या जंगलातून ती गाडी भरून यायची, त्यातल्या काही भागाला १९५६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २००७ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प झाला आणि आज तो काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. आपल्या घरांतल्या सागवानी तुळया आणि आपण सुट्टीत पाहायला जातो ते जंगल, दोन्ही एकाच हिशेबाच्या वहीत आहेत. मॉडेलमध्ये बुंधे आणि झाडे शेजारी-शेजारी ठेवली, तर नातवंडे आपोआप विचारतील, आणि मग आजोबांना सांगावे लागेल.

मीटर गेजचे रूळ आपल्या भागातून कधीच उखडले गेले. आता सर्वत्र ब्रॉड गेज आहे. दांडेलीची प्रवासी गाडी मध्यंतरी अनेक वर्षे बंद होती. आपल्या बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना, नोव्हेंबर २०१९ मध्ये, आंबेवाडी-धारवाड गाडी पुन्हा सुरू झाली. मार्ग परत आला, पण जुनी लाकूडगाडी पाहिलेले लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. खानापूर, लोंढा, अळणावर या पट्ट्यातल्या मराठी घरांत असे गार्ड, फिटर, डेपोचे कारकून, लाकूड व्यापारी सापडतील. यंदा आरती झाल्यावर, प्रसाद घेता घेता, त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसावे. जुना फोटो असेल तर त्याच्यामागे साल आणि गाव लिहून ठेवावे. वाघिणीची लांबी त्यांना आठवत नसेल, पण किती पावले होती ते आठवेल. बाकीचा गुणाकार आम्ही करू.