कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

#थ्रेड

१/ १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन आमचा हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी डिसेंबरात, राज्याच्या पूर्व टोकाच्या गडचिरोलीतील एक संशोधन ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आरोग्याच्या नोंदी मोबाईलवर होत असताना तो इतिहास जाणून घ्यायला हवा.

२/ जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. पण घरी जन्मलेले आणि बारशाआधीच दगावलेले मूल दफ्तरात कोठे सापडणार? ज्याचा जन्म नोंदलेला नाही, त्याचा मृत्यूही शासनदरबारी घडत नाही.

३/ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावे कामासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी निवडली. १९९३ ते १९९५ या काळात आधी केवळ मोजणी झाली. उपचार त्यानंतर सुरू झाले.

४/ गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण मिळाले : बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोष ओळखणे, गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला.

५/ या आकड्यावर विश्वास का ठेवावा? कारण यश मोजण्याचे काम केवळ उपचार करणाऱ्यांवर सोडलेले नव्हते. दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून जन्म-मृत्यू पडताळले जात. इतिहासाचे विद्यार्थी यालाच साधनचिकित्सा म्हणतात.

६/ १३ संस्थांनी अशीच मोजणी राज्यात अन्यत्र केली. ‘कोवळी पानगळ’ हा तिचा २००१ मधील अहवाल. सरकारी नोंदींपेक्षा बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. शासनाला डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली.

७/ २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवा हा देशव्यापी कार्यक्रम झाला. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. हिंगोलीतल्या तांड्या-वाड्यांतही नोंदीची सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

८/ सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. १४ अंकी ‘आभा’ क्रमांकामुळे रुग्णाचे जुने कागद एकत्र जोडता येतात. ही सोय मोठीच. परंतु यंत्र नोंद साठवते, ती खरी आहे की नाही हे ठरवत नाही. घरापर्यंत कोणी पोहोचलेच नाही, तर वहीतला कोरा रकाना पडद्यावर शून्य होऊन झळकतो, आणि शून्य पाहून कोणी चौकशी करीत नाही.

९/ म्हणून आरोग्याचा कोणताही आकडा दिसला की तीन प्रश्न विचारा : नोंद कोणी केली? पडताळणी कोणी केली? ज्याची नोंद झाली, त्याला उपयोग काय झाला?

१०/ आणि एकदा घरी आजीला विचारून पाहा, तिला भावंडे किती झाली आणि त्यांतली किती जगली. या दोन आकड्यांतील अंतर बहुधा कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. ऐकाल ते लिहून ठेवा.